ग्रेडरकाका आणि बटनलालचा डबा

वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यातला वरचा पेपर सुखदेवराव ढोल्यांनी जन्मात कधी उचलला नाही. मधात बोटं घालायची, आतला ओढून काढायचा, झटकायचा, मग खालचा एक काढून दोन्हीकडे बातम्या त्याच आहेत ना हे पाहायचं, तेव्हा कुठं पेपर त्यांचा. पानठेल्यावरही तेच. पानवाल्यानं वरचं पान उचललं की यांचा आवाज यायचाच, "वरचं राहू दे गा, खालचं काढ." लग्नाच्या पंगतीत ताटांच्या चळतीतलं मधलं ताट ओढताना यांनी एकदा अख्खी चळत पाडली होती. वर वाढप्यालाच विचारलं, "एवढी कच्ची कायले रचली?"

एकदा आम्ही चारपाच घरं मिळून कळंबच्या चिंतामणीला गेलो होतो. प्रसादाचा शिरा होता. आम्हा सगळ्यांना वरचा मऊ, बेदाण्यांचा मिळाला. सुखदेवकाका वाढणाऱ्याला म्हणाले, "खालून काढ." त्यानं खालून काढला. खाली पार जळला होता. काळा घास चावत काका आम्हाला म्हणतात, "पाह्यलं? वरून कसं गोरंगोमटं होतं!" कुसुमकाकू तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि हा बाप्पा जळका शिरा मोठ्या समाधानानं खात होता.

आता यात त्यांचा तरी काय दोष? अख्खी नोकरी सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून गेलेली. कापसानं भरलेली बंडी, म्हणजे बैलगाडी, वजनाआधी यांच्यापुढं यायची. काही लोक वर पांढराशुभ्र कापूस अंथरत आणि खाली ओला, पिवळा, पाल्याचा माल दाबून भरत. काका वरच्या कापसाकडं बघायचेही नाहीत. उजवी बाही दंडापर्यंत सारायची आणि हात बंडीच्या पोटात खांद्यापर्यंत खुपसायचा. आतून मूठ भरून आणायची, वास घ्यायचा, दोन बोटांत धागा ओढून पाहायचा, आणि प्रत सांगायची. शिव्या पुष्कळ खाल्ल्या त्यांनी. पण कुणाचा चहा प्यायले नाहीत, आणि चांगल्या मालाला कधी खालची प्रत लावली नाही, हेही तितकंच खरं. त्या उजव्या बाहीला अशी सवय झाली होती की घरी, बाजारात, मयतीलाही ती वरच असायची.

माझं शिवणकामाचं दुकान पांढरकवड्याच्या बाजारओळीत. शेजारी सलीमभाईंचं 'नूर व्हिडीओ'. मधात प्लायवुडची एक भिंत, तीही वर छतापर्यंत पोचत नव्हती. त्यामुळं त्यांचं गिऱ्हाईक काय बोलतं ते मला ऐकू यायचं आणि मी बायांवर ओरडले की ते त्यांना. मी तोंडाची फटकळ आहे, तेव्हा त्यांनाच जास्त ऐकावं लागलं असेल.

सलीमभाई व्हीसीआर दुरुस्त करायचे, पुढं सीडीची मशिनं करू लागले, आणि पिक्चरच्या तबकड्या भाड्यानं द्यायचे. धंद्यात कॉप्या होत्याच, कुणाकडं नव्हत्या? पण हा माणूस आधी सांगायचा. "ताई, ही कॉपी हाय. टाकीजमध्ये चोरून काढेल हाय. मधात एक जन पडद्यापुढून उठून जाते, तेवढं सांभाळून घ्या." असली असेल तर असली म्हणायचे. त्यांच्या दुकानाची सारी पुण्याई या सांगून देण्यात होती. लोक म्हणायचे, सलीम म्हणतो ना, मग झालं.

ग्रेडरकाकांनी घरच्या केबलवाल्यावर संशय घेतला होता. तो म्हणे शेजाऱ्याला जास्त चॅनल देतो आणि आपल्याला कमी. म्हणून यांनी वायरच कापायला लावली. बिचाऱ्या कुसुमकाकूंचा टीव्ही मुका झाला. मग त्या संध्याकाळी साडीला फॉल लावायच्या निमित्तानं माझ्याकडं यायला लागल्या, आणि सलीमभाईंनी आपला टीव्ही असा वळवला की दोन्ही दुकानांतून दिसावा. त्या वेळी एक विदेशी कार्टून लागायचं, हिंदीत केलेलं. पोरासोरांचं नव्हे, मोठ्यांचं. घरगुती भांडणं, टोमणे, साहेबाची चापलुसी, सगळं. त्यातला बाप बटनांच्या कारखान्यात कामाला, लांब मानेचा, नाव बटनलाल. बायकोचा अंबाडा तिच्याच उंचीएवढा. आणि घरात एक बकरी, जी कुणाचंच ऐकायची नाही.

आम्ही सगळे त्याचे भक्त. सलीमभाई म्हणायचे, ज्यानं बटनलालला आवाज दिला त्याचे हात चुमले पाहिजेत. मला बायको आवडायची. काकूंना बकरीसकट सगळं आवडायचं. आणि काका? काका दारात उभे राहून तपासनिसासारखे पाहायचे. "हा बटनलाल चोर हाय," ते म्हणायचे. "कारखान्यातून बटनं आनते. पाह्यजो तू, सुमन." मी म्हणायचे, "अहो काका, तो कागदावर काढलेला माणूस आहे!" त्यावर ते, "म्हनून काय झालं? त्याच्या कोटाले दर वेळी नवीन बटन असते. आलं कुठून?" आता याला काय बोलणार?

एका भागात बटनलाल घराला कुलूप लावतो, ओढून पाहतो, फाटकापर्यंत जातो, परत येऊन ओढून पाहतो, कोपऱ्यापर्यंत जातो, परत येतो. शेवटी आतून बायकोचा थकलेला आवाज येतो, "अजी, मैं तो अंदर ही रह गई!"

काकू त्या दिवशी एवढ्या हसल्या की स्टुलावरून घसरून खालीच बसल्या. डोळ्यांतून पाणी. सलीमभाई पाण्याचा गिलास घेऊन धावले. मला कारण कळेना. मग काकूंनीच सांगितलं, हसत हसत, नवऱ्यासमोर. नव्या लग्नात काका एकदा ड्युटीवर जाताना त्यांना आत ठेवून कुलूप लावून गेले होते, आणि कुलूप लागलं का हे पाहायला पुन्हा पुन्हा परतही आले होते. काकू आतून हाका मारत होत्या, पण हे कुलपातच गुंग. "कार्टूनवाल्यायले कोनं सांगतलं व?" काकू म्हणाल्या. काकांचा चेहरा असा झाला की जणू कुणीतरी खरंच चुगली केली आहे. त्यांनी सलीमभाईंकडं पाहिलं. देवाशपथ, त्यांना तोही संशय आला!

त्या दिवसापासून काका घरातून निघाले की काकू आतून ओरडायच्या, "अजी, मैं तो अंदर ही रह गई!" गल्लीला ऐकू जायचं. काका पुटपुटायचे, "बाई येडी झाली." पण चालता चालता त्यांच्या मिशा हलायच्या.

काकू ज्या वर्षी गेल्या, ते कापसाचं वाईटातलं वाईट वर्ष. साध्या तापाचं निमित्त झालं, दवाखान्यात नेलं, आणि चार दिवसांत सारं आटोपलं. कार्टूनही त्याच सुमारास टीव्हीवरून बंद झालं. काका नोकरीच्या शेवटाला आलेले. केंद्र उशिरा उघडायचं, लवकर बंद व्हायचं. जिथं बंड्यांची रांग रस्त्यापर्यंत यायची तिथं बकऱ्या बसलेल्या असायच्या. मग काका दुपारी 'नूर व्हिडीओ'त येऊन बसत. सलीमभाई चहा मागवत, आणि हे दोन कपांतला मागचा कप उचलत.

त्या वर्षांत संशय नुसत्या काकांच्या घरचा राहिला नव्हता. बियाणं बोगस निघालं होतं, फवारणीचं औषध बोगस निघालं होतं. दिल्ली-मुंबईचे लोक गाड्या घेऊन यायचे, फोटो काढायचे आणि जायचे, त्यांच्यावरही कुणाचा भरवसा नव्हता. दुकानदारानं पुडी हातात दिली की लोक ती उजेडात धरून पाहायचे. 'बोगस' हा शब्द आमच्या बाजारात एखाद्याला लागला की त्याचं शटर खाली आलंच म्हणून समजा.

अशात सलीमभाई नागपूरहून बातमी घेऊन आले. बटनलालच्या सगळ्या भागांचा डबा निघतो आहे, तबकड्यांचा, कंपनीचा, असली. काकांनी पहिला प्रश्न विचारला, "पूर्ण हाय का? मधात कापला त नाई?"

"कंपनी म्हनते पूर्ण हाय, साहेब."

"कंपनी त म्हननच," काका म्हणाले. पण त्या दिवसापासून रोज येऊन विचारायला लागले, आला का? मला वाटलं, म्हातारपणी करमणूक लागते माणसाला. आपल्याला काय ठाऊक कुणाच्या मनात काय असतं.

डबा आला. सलीमभाईंनी स्वतः नागपूरहून आणला, वरचं चकचकीत प्लास्टिकही न फोडता. मी मशीन सोडून पाहायला गेले. दुकानात बियाण्याच्या खेपेला आलेले दोनतीन कास्तकारही उभे होते. काकांनी डबा घेतला, प्लास्टिक फोडलं, आणि पहिली तबकडी बाजूला सारून मधली काढली. बाही वरच होती. ती उजेडात धरली, मग पहिलीशी लावून पाहिली. मधलीवरचं छापील चित्र जरा फिकं होतं.

"रंग येगळा हाय," काका म्हणाले.

"छपाईत होते, साहेब," सलीमभाई म्हणाले. "लावू का?"

"कुलपाचा भाग लाव."

लावला. पहिल्याच वाक्याला आम्ही सगळे चपापलो. बटनलालचा आवाज दुसराच होता, शाळेतल्या भाषणासारखा. बटनलालनं कुलूप लावलं, ओढून पाहिलं, आणि पुढच्या क्षणी तो बसमध्ये बसलेला. परत येणं नाही, बायकोचा आवाज नाही. मधलं सगळं साफ उडवलेलं.

काका उठले. मूठभर कापूस वर आणून प्रत सांगावी तशा आवाजात, जो केंद्राच्या अख्ख्या यार्डात ऐकू जायचा, ते म्हणाले, "मिसळ माल. बोगस हाय."

त्या कास्तकारांनी सलीमभाईंकडं पाहिलं. सलीमभाई पांढरे पडले. हळूच म्हणाले, "साहेब, तुमी माल पाह्यला. मले नाई पाह्यलं." काका ऐकायला थांबले नाहीत.

दुसऱ्या दिवशी बाजारभर झालं. ग्रेडरनं सांगितलं म्हणजे झालंच, कुणाच्या चहाचा मिंधा नसलेला माणूस! जे सलीमभाई कॉपीला कॉपी म्हणायचे, त्यांच्याच असलीला लोक बोगस म्हणायला लागले. दुरुस्तीला दिलेली मशिनं माणसं परत नेऊ लागली. म्हणे आतलं सामान बदलून टाकतो. भिंतीपलीकडं दिवस दिवस कुणाचा आवाज नसायचा. एकदा सलीमभाई मला म्हणाले, "ताई, दुकान काढून टाकतो. भाऊ आदिलाबादले बोलावून राह्यला." मला रडूच आलं. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून काढलेला माणूस असा जाणार?

मी तडक काकांच्या घरी गेले. "काका, त्या माणसाचा धंदा बसवला तुम्ही. कशावरून बोगस?"

"आपला हात खोटं नाई बोलत, सुमन. मधातला माल फिका होता अन् आतून कापेल होता. आनखी काय पाह्यजे?"

"तुमचा हात कापसातला आहे! तबकडीतलं काय कळतं त्याला?"

ते चिडतील असं वाटलं होतं. पण खाटेवर बसले आणि कुलपाकडं पाहत राहिले, दाराच्या कडीला लटकत होतं ते. मग म्हणाले, "तिथं तुही काकू होती, सुमन. तेवढंच होतं तिचं. घरी तिचा आवाज नाई कुठं, फोटोच हाय. वाटलं होतं, तेवढं वाक्य आयकाले भेटन रोज. अन् तेवढंच कापलं." माझा राग तिथंच अर्धा झाला. पण अर्धाच झाला, कारण भिंतीपलीकडची शांतता मला रोज ऐकावी लागत होती.

माझी मेघा नागपूरला शिकायला होती. दिवाळीला घरी आली तेव्हा तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, इंटरनेटवर बटनलालच्या भक्तांचं अड्ड्यासारखं पान आहे. त्या डब्यावर नुसतं रान पेटलंय तिथं. काकांना घेऊन येते."

काका तयार झाले ते केवळ खोटं पकडायला. बसस्टँडजवळच्या सायबर कॅफेत आम्ही तिघं एका फळकुटाच्या कप्प्यात कोंबून बसलो. लाइटची लाइन केव्हा जाईल सांगता येत नव्हतं, म्हणून मेघा घाईत होती. तिनं पहिलं पान उघडलं तर काका म्हणाले, "वरचं राहू दे. मधातलं पान काढ."

मधलं काढलं. कुणी भोपाळचा लिहीत होता, चित्र काचेसारखं स्वच्छ आहे, रडता कशाला. त्याला कुणी लखनौचा झोडपत होता, चित्र काय चाटायचं आहे, आवाज कुठं गेला? एक म्हणत होता, खरे भक्त असाल तर डबा विकत घेऊ नका. दुसरा म्हणत होता, खरे भक्त असाल तर घेतलाच पाहिजे, नाहीतर पुढचा निघणार नाही.

"हे सलीमचे मानसं नसन कशावरून?" काका म्हणाले.

"काका, लखनौला सलीमचाचांचं कोण आहे?" मेघा म्हणाली.

"सांगता येत नाई. खालचं काढ."

खालचं काढलं. तिथं एकानं तक्रार केली होती की मधली तबकडी फिकी छापली आहे, सगळ्यांचीच तशी आहे का? खाली जो तो लिहीत होता, माझीही, माझीही. काका पुढं सरकले. त्याच्याही खाली इंदूरच्या एका बाईनं लिहिलं होतं. तिनं कंपनीला फोन केला होता. हिंदीच्या जुन्या ध्वनिफिती कंपनीकडून हरवल्या, म्हणून नवे आवाज भरले, आणि जिथं वेळेत भरता आले नाहीत तिथं प्रसंगच कापले. "मेरे पापा ताले वाला सीन देखने के लिए बैठे थे," तिनं शेवटी लिहिलं होतं. "कंपनी को क्या पता किसके घर में क्या रखा था."

मेघानं ते मोठ्यानं वाचलं. काकांनी तिला पुन्हा वाचायला सांगितलं. मग आणखी एक खालचं पान काढायला सांगितलं, आणि त्याच्याही खालचं. सगळीकडं तेच.

"सगळा माल एकच हाय," ते शेवटी म्हणाले, फार हळू. मग त्यांनी उजवी बाही खाली ओढली, मनगटापर्यंत, आणि गुंडी लावली. इतक्या वर्षांत मी ती बाही खाली आलेली पहिल्यांदा पाहिली.

त्यानंतर काही दिवस काका दिसले नाहीत. मी सलीमभाईंना सारं सांगून टाकलं, सायबर कॅफेचंही आणि काकूंचंही. मला वाटलं, आता तरी चार शिव्या देतील. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "काकू इथंच हसायच्या ना, ताई, तुमच्या स्टुलावर." आणि मागच्या खोलीत गेले.

तिथं पोत्यात जुन्या कॅसेटी होत्या. व्हीसीआर दुरुस्त झाला की नीट चालतो का हे पाहायला सलीमभाई टीव्हीवर जे लागलं असेल ते एखाद्या कॅसेटवर उतरवून पाहायचे. कशात क्रिकेट, कशात बातम्या, कशात नुसत्या जाहिराती. गिऱ्हाईक नव्हतंच, म्हणून ते त्या कॅसेटी एकेक लावत बसले. दिवसचे दिवस भिंतीपलीकडून साबणाच्या, बियाण्याच्या जुन्या जाहिराती ऐकू येत होत्या. मी विचारलं नाही. एकदा मात्र ते एक कॅसेट घेऊन लग्नाची शूटिंग करणाऱ्याच्या दुकानाकडं लगबगीनं जाताना दिसले.

बाजाराचा दिवस होता. ओळीत पाय ठेवायला जागा नव्हती. काका आले, दोन्ही बाह्यांच्या गुंड्या लावलेले, हातात कापडी पिशवी. 'नूर'च्या पायरीवर चढले आणि दुकानाकडं नव्हे, बाजाराकडं तोंड करून उभे राहिले.

"आयका गा!" तोच यार्डातला आवाज. "सलीमचा डबा असली होता. चूक कंपनीची. अन् त्याच्याऊन मोठी चूक माही. माहा हात चुकला. हा मानूस असली हाय."

लोक थबकले. एक बाई माझ्या दुकानात ब्लाऊजचं माप देत होती, तीही वळून पाहायला लागली. मला बाई भरूनच आलं. माप चुकलं.

काका आत वळले. सलीमभाई उठून उभे राहिले होते. त्यांनी गल्ल्याखालून एक साधी तबकडी काढली, पांढऱ्या कागदी पाकिटातली, वर काही लिहिलेलं नाही.

"साहेब, हे घ्या. जुन्या कॅसेटीवरून उतरवली. साफ नाई, मुंग्या येतात. पन... लावून दाखवतो. लाइन हाय, मशीन चालू हाय."

काकांनी ती हातात घेतली. उजेडात धरली नाही. पालथी करून पाहिली नाही.

"कायले?" ते म्हणाले. "तू देऊन राह्यला ना."

आणि पिशवीत टाकली. "चहा सांग," एवढं म्हणाले. चहा आला. सलीमभाईंनी दोन कप पुढं केले, काकांनी जवळचा उचलला.

त्याच आठवड्यात काका मुलीकडं कळंबला राहायला गेले, आणि पुढं परत आले नाहीत. मला ते शेवटचे दिसले ते त्या दिवशी, चहा पिऊन बाजाराच्या गर्दीतून जाताना. पिशवी छातीशी धरली होती, बाह्या खाली.

ते दिसेनासे झाल्यावर मी भिंतीवरून डोकावले. "सलीमभाई, आहे का हो त्यात? काकूंचं वाक्य?"

"हाय ना, ताई. पूर्ण हाय. बकरीसकट."

"मग सांगितलं काहून नाही त्यांना?"

सलीमभाई रिकामे कप उचलत होते. डोळे पुसायला त्यांना हात मोकळा नव्हता.

"त्यायनं इचारलंच नाई ना," ते म्हणाले.